अडीच घटकांचा हिशेब

लग्नघटका मोजण्यासाठीं पूर्वीं तांब्याची एक लहानशी वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत सोडीत. वाटीच्या बुडाला सुईच्या अग्राएवढें छिद्र असे. त्यांतून पाणी झिरपत झिरपत वाटी भरली आणि बुडाली, म्हणजे एक घटका झाली. साठ घटकांचा अहोरात्र. म्हणून एक घटका आपल्या चोवीस मिनिटांची, आणि अडीच घटकांचा तास. वाटीवर लक्ष ठेवण्यास एक जाणता गृहस्थ मुद्दाम बसविलेला असे, आणि मंडपांत कितीहि धांदल चालली तरी त्यानें वाटीवरची दृष्टि काढावयाची नसे. मुहूर्ताचें पळ चुकूं नये म्हणून एवढी दक्षता बाळगणाऱ्या आपल्या समाजांत, रस्त्यावर गाडीखालीं सांपडलेला माणूस किती वाजतां पडला, किती वाजतां उचलला गेला आणि किती वाजतां शस्त्रवैद्यापुढें पोंचला, हें लिहून ठेवण्याची रीत मात्र अगदीं अलीकडेपर्यंत नव्हती. पुष्कळ ठिकाणीं ती अद्यापिहि नाहीं.

मीं जन्मभर शाळेंत गणित शिकविलें. वैद्यकाशीं माझा संबंध रुग्णाची नातेवाईक एवढाच. तेव्हां ह्या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असें कोणी विचारलें तर त्यास माझें उत्तर एवढेंच कीं, ह्या विषयाचा निम्मा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला निम्मा अंकगणिताचा आहे, आणि त्या दुसऱ्या निम्म्यानें आमच्या घरांत एक वाद अठरा वर्षें धुमसत ठेविला होता. त्याविषयीं पुढें लिहीन.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला इंग्रजी वैद्यक ‘सोन्याचा तास’ म्हणतें. हा शब्दप्रयोग रूढ केला तो अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील शस्त्रवैद्य आर. अ‍ॅडम्स काउली यांनीं. १९६० च्या सुमारास त्यांनीं केवळ दोन खाटांचा एक विभाग काढला, आणि जबर जखमी होऊन निपचित पडलेल्या रुग्णांवर तेथें उपचार आरंभिले. पुढें १९७० पासून मेरीलंड प्रांताच्या पोलिसांचीं हेलिकॉप्टरें जखमींना थेट त्यांच्याकडे आणूं लागलीं. जखमी माणसाला शुद्धीवर आणि धडधाकट दिसत असतांहि आंतून मरण पोखरीत असतें, आणि त्याला थोपविण्यास अवधि फार थोडा मिळतो, हें त्यांचें सांगणें. आपल्या देशांत तर हा तास आतां कायद्यांत येऊन बसला आहे: मोटार वाहन कायद्याला २०१९ मध्यें जी दुरुस्ती झाली तींत ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच दिली असून, ती इजा झाल्यानंतरचा एक तास अशी आहे.

आतां गंमत पाहा. हा साठ मिनिटांचा आंकडा आला कोठून, याचा शोध दोघां अमेरिकन लेखकांनीं २००१ मध्यें घेतला. त्यांनीं जुने निबंध चाळले, एकाच्या आधारावरून दुसऱ्याकडे गेले, आणि शेवटीं असें लिहिलें कीं, ह्या तासाला भक्कम पुरावा म्हणून कोठेंच सांपडत नाहीं. एकानें दुसऱ्याचें म्हणणें उतरवून घेतलें, दुसऱ्यानें तिसऱ्याचें! एकसष्टाव्या मिनिटाला दार बंद होतें असें नाहीं, आणि एकोणसाठाव्याला तें सताड उघडें असतें असेंहि नाहीं. घाई करावी हें खरें. परंतु घाईचें माप नेमकें काय, तें पुराव्यावांचून ठरविलेलें होतें. शाळेंत मुलगा उत्तर बरोबर लिही आणि रीत लिहीत नसे, तेव्हां मी त्याला निम्मे गुण देत असें. काउलींनाहि मी तेवढेच देईन.

रीत दाखवून दिली ती निराळ्याच लोकांनीं. रक्त गोठल्यावर तें पुनः विरघळविण्याची एक क्रिया शरीरांत चालते. तिला आवर घालणारें ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड नांवाचें औषध जपानमधील उताको ओकामोतो ह्या विदुषीनें आपले पति शोसुके यांच्यासह शोधून काढलें. त्यांचा निबंध १९६२ चा. बाळंतपणांत रक्तस्राव होऊन स्त्रिया दगावतात, त्यांना वांचवावें ही मूळ प्रेरणा. मुलीला सांभाळण्यास कोणी नसल्यामुळें बाई तिला पाठीशीं बांधून प्रयोगशाळेंत काम करीत, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. हें औषध स्वस्त आहे, साधें आहे. पण अपघातांतील जखमींना त्याचा उपयोग होतो कीं नाहीं, हें अर्धशतकभर कोणीं पडताळून पाहिलें नव्हतें. तें काम ‘क्रॅश-२’ ह्या नांवाच्या प्रयोगानें केलें. ४० देशांतील २७४ इस्पितळें, २०,२११ रुग्ण. आपल्या देशांतील इस्पितळेंहि त्यांत होतीं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बाटलींतील निरुपद्रवी द्रावण, आणि कोणाला काय मिळालें हें देणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं.

२०१० मध्यें निकाल लागला. द्रावण मिळालेल्यांत शेंकडा १६.० मरण पावले, औषध मिळालेल्यांत १४.५. हा फरक दिसावयास लहान. पण पुढल्या वर्षीं त्याच आंकड्यांची वेळेप्रमाणें फोड केली, आणि मग जें दिसलें तें वाचून मी कांहीं वेळ पुस्तक मिटून बसलें. इजा झाल्यापासून एका तासाच्या आंत औषध दिलें, तर रक्तस्रावानें मरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ७.७ वरून ५.३ वर आलें. एक ते तीन तासांत दिलें, तर ६.१ वरून ४.८. आणि तीन तास उलटून गेल्यावर दिलें, तर तें ३.१ वरून ४.४ वर चढलें! म्हणजे तेंच औषध, तीच मात्रा. पहिल्या तासांत हजारामागें चोवीस माणसें वांचवितें, आणि तीन तासांनंतर हजारामागें तेरा अधिक दगावतात. मग ज्या डॉक्टरापुढें रुग्ण आला आहे आणि ज्याच्या कागदावर अपघाताची वेळच लिहिलेली नाहीं, त्यानें काय करावें? सुई हातांत आहे, पण ती तारील कीं मारील हें एका आंकड्यावर अवलंबून, आणि तो आंकडा कोणाच्या लक्षांत नाहीं. वेळेची नोंद ही उपचार आटोपल्यावर कारकुनानें करावयाची गोष्ट आहे असें जे समजतात, त्यांनीं हे सहा आंकडे एकदां डोळ्यांखालून घालावेत.

नोंदींचा दुसरा उपयोग ह्याहून धिम्या गतीचा, पण व्याप्तीनें मोठा. कॅलिफोर्नियांत ऑरेंज म्हणून एक परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथें अपघात झाला म्हणजे जखमीला जवळच्यांतल्या जवळच्या इस्पितळांत नेत. त्याच प्रांतांतील सान फ्रान्सिस्को शहरांत मात्र अशा सगळ्या रुग्णांना एका ठराविक इस्पितळांत नेण्याची पद्धति होती. जवळचें तें बरें, हें आपल्या कोणालाहि पटेल असेंच. दोन शस्त्रवैद्यांनीं आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानें दोन्हीं ठिकाणच्या मोटार-अपघातांत इस्पितळांत पोंचून मरण पावलेल्यांचीं कागदपत्रें वाचून काढलीं: एकीकडचे ९० मृत्यु, दुसरीकडचे ९२. मेंदूची इजा सोडून इतर कारणांनीं जे ऑरेंज परगण्यांत गेले, त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोक वांचूं शकले असते असा त्यांचा निष्कर्ष निघाला. सान फ्रान्सिस्कोंत असा मृत्यु त्यांना एकच सांपडला. हा निबंध १९७९ चा; १९८० मध्यें ऑरेंज परगण्यानें कांहीं निवडक इस्पितळें ह्या कामासाठीं नेमून दिलीं, आणि पुढील पाहणींत टाळतां येण्याजोगे मृत्यु बरेच उतरलेले आढळले. त्या परगण्यांतले डॉक्टर अडाणी नव्हते, यंत्रें जुनाट नव्हतीं. रात्रीं शस्त्रक्रियागृह उघडण्यास माणूस यावयाचा तो घरून यावयाचा, एवढ्यानेंच किती घटका जातात ह्याचा हिशेब कोणीं मांडलेला नव्हता.

अशी तुलना करावयाची तर दोन जखमी सारखेच जखमी होते कीं नाहीं, हें प्रथम ठरवावें लागतें. त्याचें माप सुसान बेकर ह्या बाईंनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ मध्यें दिलें. तेंहि बाल्टिमोरचेंच. शरीराचे सहा भाग कल्पावयाचे. प्रत्येक भागांतील सर्वांत वाईट इजेला १ ते ५ पर्यंत अंक द्यावयाचा. आणि ज्या तीन भागांना सर्वांत अधिक लागलें असेल त्यांच्या अंकांचे वर्ग करून बेरीज घ्यावयाची. अर्थात् मोठ्यांत मोठी बेरीज तीन वेळां पंचवीस, म्हणजे ७५. वर्ग कां? तर इजा एका पायरीनें वाढली म्हणजे मरणाचा धोका एका पायरीनें न वाढतां झपाट्यानें वाढतो, असें त्यांना आंकड्यांतच दिसून आलें म्हणून.

येथें मला माझ्या जुन्या व्यवसायाला धरून थोडें विषयांतर करूं द्यावें. हें माप वाचून मी कागद घेऊन बसलें आणि कोणकोणत्या बेरजा येऊं शकतात तें मांडूं लागलें. ७ येत नाहीं. १५ हि येत नाहीं. कितीहि वेळां अपघात झाला, कसाहि झाला, तरी जगांतल्या कोणत्याहि जखमीच्या कागदावर ह्या मापानें १५ हा अंक पडावयाचा नाहीं. कारण आठानें भागून सात उरणारी संख्या तीन वर्गांच्या बेरजेनें बनत नाहीं, असा लझांद्र ह्या फ्रेंच गणितज्ञाचा सिद्धान्त आहे. ‘पंधराहून अधिक असल्यास इजा गंभीर समजावी’ असा वैद्यांचा संकेत आहे. पंधराच आले तर काय, ही शंका मुळीं उद्भवतच नाहीं! ह्या मापाचा एक दोषहि त्या कागदावरच दिसला. ज्याला एकाच भागांत पांच अंकांची इजा आहे त्याचे २५, आणि ज्याला एकीकडे चार व दुसरीकडे तीन त्याचेहि १६ आणि ९ मिळून २५. दोघांची बेरीज एक, पण दोघांचें दैव एक असेलच असें नाहीं. पुष्कळ विद्वानांनीं पुढें हाच आक्षेप घेतलेला आहे, आणि सुधारलेलीं मापेंहि सुचविलीं आहेत. असो.

आतां घरची गोष्ट. १९९१ च्या पावसाळ्यांत माझे धाकटे दीर बापू साताऱ्याकडून स्कूटरवरून येत असतां ट्रकनें त्यांना उडविलें. त्यांचे चुलतभाऊ नाना मागच्या एस. टी.नें येत होते. गर्दी पाहून ते उतरले, एक जीप थांबविली आणि बापूंना घेऊन निघाले. वाटेंतल्या तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरांकडे त्यांनीं जीप थांबविली. डॉक्टरांनीं पाहिलें, सलाईन लावलें आणि शहरांत न्या म्हणून चिठी दिली. शहरांतील एका इस्पितळानें पोलिस-प्रकरण म्हणून घेतलें नाहीं, दुसऱ्यानें घेतलें. पहांटे बापू गेले. प्लीहा फाटून पोटांत रक्त सांचलें होतें, असें शवविच्छेदनाच्या कागदावर आलें. बाकी अंगावर मोठी जखम नव्हती. जीपमध्यें ते नानांशीं बोलतहि होते.

सासूबाईंच्या मनानें एक गोष्ट घेतली: नाना तालुक्याला थांबले नसते, सरळ शहरांत आले असते, तर बापू वांचला असता. नाना म्हणत, दहा मिनिटें थांबलों. जीपवाल्यानें कोणाजवळ तरी सांगितलें, तासभर. कोणीं दीड तासहि म्हटलें. तोंडावर नानांना कोणी बोललें नाहीं; पण दिवाळीला त्यांच्याकडे ताट जाई तें बंद झालें, आणि माझी जाऊ त्यांच्यासमोर येईनाशी झाली. मी तेव्हांहि घरांत म्हणत असें कीं, दहा मिनिटें कीं तास हें ठाऊक नसतां आपण कोणाला दोष देतों? पण मुलगा गेलेल्या आईपुढें गणित किती वेळ मांडावें ह्याला मर्यादा असते.

ते तीन कागद आमच्या ट्रंकेंत आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांच्या चिठीवर तारीख आहे, वेळ नाहीं. नाडी लिहिली आहे, रक्तदाब नाहीं. इस्पितळाच्या कागदावर, रुग्ण केव्हां आणला ह्या रकान्यांत ‘रात्रौ’ एवढाच शब्द आहे. ज्या पहिल्या इस्पितळानें घेतलें नाहीं त्याचा कागदच नाहीं. तेथें किती वेळ गेला तें कोणीच सांगूं शकत नाहीं, आणि नवल असें कीं घरांतील वादांत त्या इस्पितळाचें नांव कधीं निघालें नाहीं. जें माणूस डोळ्यांपुढें होतें त्यावर सगळा भार गेला. नाना २००९ मध्यें वारले. त्यांची दहा मिनिटें खरीं होतीं कीं जीपवाल्याचा तास खरा होता, हें आतां कोणत्याहि रीतीनें काढतां येणार नाहीं. तीन अज्ञात राशि आणि समीकरण एकहि नाहीं.

वास्तविक बापूंचा अपघात होण्याच्या दोन वर्षें आधीं, ऑगस्ट १९८९ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें परमानंद कटारा यांच्या अर्जावर निकाल दिला होता. त्या अर्जाचें मूळहि एका स्कूटरस्वारांतच आहे. त्याला मोटारीनें उडविलें. जवळच्या इस्पितळानें ‘पोलिस-प्रकरणें येथें घेत नाहींत’ म्हणून वीस किलोमीटरवरील दुसऱ्या इस्पितळाकडे पाठविलें. आणि वाटेंतच तो गेला. जीव वांचविणें हें प्रत्येक डॉक्टराचें, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिलें कर्तव्य आहे आणि कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊं शकत नाहींत, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. परंतु दिल्लीचा निकाल दोन वर्षांत आमच्या शहराच्या त्या दारापर्यंत पोंचला नव्हता. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांनीं छळूं नये, हा निकाल यावयास २०१६ साल उजाडलें, आणि तें तत्त्व कायद्याच्या कलमांत आलें तें २०१९ च्या दुरुस्तीनें.

आपल्याकडच्या इस्पितळांत ह्या नोंदी पद्धतशीर घेण्याचा एक मोठा प्रयत्न २०१३ ते २०१५ ह्या काळांत झाला. मुंबईचें के. ई. एम. आणि शीवचें लोकमान्य टिळक रुग्णालय, कलकत्त्याचें एस. एस. के. एम., व दिल्लीच्या ‘एम्स’चें अपघात-केंद्र, अशीं चार इस्पितळें त्यांत होतीं, आणि सुमारें सोळा हजार जखमींची माहिती गोळा झाली. मला त्यांतली आवडली ती रीत. प्रत्येक ठिकाणीं नोंदी घेण्यासाठीं एक स्वतंत्र माणूस नेमला होता. तो आठ तासांची पाळी करी, कधीं सकाळची, कधीं दुपारची, कधीं रात्रीची. आणि रुग्ण आला कीं त्याची नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्धि आणि वेळा टिपून घेई. उपचार करणें हें त्याचें काम नव्हे. त्यानें फक्त पाहावयाचें आणि लिहावयाचें. घंगाळाजवळ बसलेला तो गृहस्थच म्हणाना! त्या नोंदींतून जें निघालें तें मात्र शुभकार्याचें नव्हतें: इस्पितळांत दाखल झालेल्या जखमींपैकीं पंचमांशाहून अधिक लोक तीस दिवसांच्या आंत मरण पावत होते. हीं देशांतलीं नामांकित इस्पितळें; लहान गांवांतील स्थिति काय असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

माझी एक विद्यार्थिनी एका जिल्ह्याच्या ठिकाणीं शस्त्रवैद्य आहे. मागें ती घरीं आली असतां मी ह्या गोष्टी मोठ्या उत्साहानें तिच्यापुढें मांडूं लागलें. तिनें सगळें ऐकून घेतलें, आणि म्हणाली, “बाई, रात्रीं दोन वाजतां एका जीपमधून सहा जण येतात. मी एक, माझ्याबरोबर एक नवशिका डॉक्टर, दोन परिचारिका. मी रुग्णाला हात लावूं कीं रकाने भरूं? मग सकाळीं रकाने भरतों आम्ही, आठवेल तसे. तुम्ही आमचे कागद पाहा. सगळे रुग्ण एक वाजतां, सव्वा वाजतां, दीड वाजतां आलेले असतात. एक वाजून सात मिनिटांनीं आमच्याकडे कधीं कोणी येतच नाहीं.”

हें ऐकून मला हंसूं आलें, आणि मग वाईटहि वाटलें. तिचें म्हणणें सोळा आणे खरें होतें. सकाळीं आठवून लिहिलेला आंकडा हा आंकड्याचा वेष घेतलेला अदमास असतो. दुसरी गोष्ट तिनें सांगितली ती ह्याहून विचार करण्यासारखी: वरिष्ठांनीं एकदां, दारांतून शस्त्रक्रियागृहापर्यंत अमुक मिनिटांहून अधिक वेळ कां लागला, असा खुलासा मागितला, त्या महिन्यापासून कागदावरचा वेळ आपोआप कमी झाला, आणि रुग्णांचा मात्र होता तेवढाच राहिला. छडी दिसली कीं मुलें उत्तरें उतरवून घेऊं लागतात, हें मला शिकविण्याची गरज नव्हती. ज्या आंकड्यावर शिक्षा टांगली तो आंकडा खोटा होतो. ऑरेंज परगण्यांतल्या कागदांतून इस्पितळांची व्यवस्था बदलली. अमुक डॉक्टरानें अमुक रात्रीं काय चुकविलें ह्याचा पाढा वाचून ती बदलली नसती, असें माझें मत आहे. विद्यार्थिनीला तें पटलें. पण रकाने भरावयाचे कोणीं, हा तिचा प्रश्न राहिलाच. त्याचें उत्तर म्हणजे एका माणसाचा पगार, आणि तो मंजूर करणें तिच्या हातीं नाहीं.

माणसाच्या हातून न होणारी नोंद यंत्राकडून करून घ्यावी, हा दुसरा मार्ग. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ च्या आरंभीं सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशीं. फोन केव्हां आला, गाडी केव्हां निघाली, कोठें आहे, केव्हां पोंचली, हें कोणाच्या आठवणीवर न सोंपवितां यंत्रच टिपीत जातें. २०२१ पासून रस्ते-अपघातांची नोंद मोबाईलवर करण्याची मद्रासच्या आय. आय. टी.नें तयार केलेली पद्धतिहि कांहीं राज्यांत सुरू झाली, आणि आरंभीच्या त्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलिस अधिकारी जागेवर उभा राहून छायाचित्रें घेतो, आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. २०२२ ह्या एका वर्षांत आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतलीं कोठें मेलीं हें इतक्या बारकाईनें कळणें ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. मुंबई–पुणें द्रुतगतिमार्गावर २०१६ मध्यें १५१ माणसें गेलीं होतीं. त्याच वर्षीं तेथें प्रत्येक अपघाताचें कारण शोधून उपाय योजण्याचें काम हातीं घेतलें गेलें. कडेला उभ्या केलेल्या ट्रकांवर मागून आदळणें हें एक मोठें कारण निघालें. तेव्हां तसे ट्रक हलविण्याची व्यवस्था झाली, कठडे बसले, पाट्या लागल्या, आणि २०१९ पर्यंत मृत्यूंची संख्या शंभराच्या आंत आली. अपघात झाल्यावर धांवणारी गाडी आणि अपघात कोठें होतात हें सांगणारी वही, ह्यांत अधिक जीव कोण वांचवितें, हें ठरविणें अवघड आहे.

२०२२ च्या पावसाळ्यांत माझ्या जावेचा नातू, म्हणजे बापूंचा नातू, वाईजवळ मोटारसायकलवरून पडला. त्याच्याहि पोटांतच मार होता. १०८ ची गाडी आली, त्याला घेऊन गेली, शस्त्रक्रिया झाली, आणि अठरा दिवसांनीं तो घरीं आला. इतक्या वर्षांत इतकें बदललें, म्हणून तो वांचला, असें लिहिण्याचा मोह होतो. पण एका उदाहरणावरून नियम काढणाऱ्या मुलाला मी बाकावर उभें केलें असतें. पोराची इजा कमी असेल, वय तर बापूंहून दहा वर्षांनीं कमीच होतें. इस्पितळांतून मिळालेल्या कागदांत मात्र एक पान होतें: फोन ७ वाजून ४२ मिनिटें, गाडी जागेवर ७ वाजून ५८, इस्पितळांत ८ वाजून ३१. माझी जाऊ चष्मा लावून तें पान कितीतरी वेळ वाचीत बसली. मग म्हणाली, “माई, नानाभाऊजींच्या हातीं असला एक कागद असता, तर सासूबाईंनीं तरी त्यांना घरांत घेतलें असतें.” ती स्वतःविषयीं कांहीं बोलली नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. त्या दिवाळीला तिनें नानांच्या मुलाकडे ताट पाठविलें.

त्या पानावरची आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांतून सुटली नाहीं. रुग्णवाहिकेच्या नोंदीप्रमाणें मुलगा इस्पितळांत ८ वाजून ३१ मिनिटांनीं पोंचला; इस्पितळाच्या नोंदीप्रमाणें त्याला ८ वाजून २७ मिनिटांनीं दाखल करून घेतलें. म्हणजे येण्यापूर्वीं चार मिनिटें तो आंत होता! विद्यार्थिनीला मीं हें कळविलें तेव्हां तिनें आपल्याकडचीं घड्याळें ताडून पाहिलीं. दारांतल्या भिंतीवरचें सहा मिनिटें मागें होतें, शस्त्रक्रियागृहांतलें दोन मिनिटें पुढें, आणि रुग्णवाहिकेच्या चालकाचा मोबाईल बरोबर होता. आतां दर सोमवारीं सकाळीं एक परिचारिका दोन्हीं घड्याळें मोबाईलशीं लावून घेते, आणि तिनें लावल्याची सही वहींत करते. दारांतल्या घड्याळाला नवी बॅटरी मागविली आहे. ती अद्याप आलेली नाहीं.